दुसऱ्या कप्प्यातला फोटो

थांबा, थांबा! असे नुसते बघून पुढे जाऊ नका. औशाच्या बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे, त्यात काचेचं कपाट आहे, आणि त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, फुगलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी, जो काळा ठोकळा दिसतो ना, तो मी! मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. माझं रबर सुटलंय, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नातली हळद अजून अडकून बसलीय. म्हातारपणाचं मला काहीच वाटत नाही. वाटतं ते एकाच गोष्टीचं. माझ्या माणसानं मला दगा दिला, आणि माझ्याकडूनच एका लेकराला दगा द्यायला लावला. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, कॅमेरा असून फोटो अर्धाच दाखवतो!

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्यांनी माझे भाग बसवले. मग मी खोक्यात बसून हैदराबादच्या दुकानात आलो. तिथून मला शिवप्पांनी घेतलं. औशात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, खांद्यावर रुमाल आणि आवाज असा की वऱ्हाडातली शंभर माणसं एका हाकेत सरळ उभी राहतील. येताना एसटीत अप्पांनी मला मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय ओ खोक्यात?"

"डोळा हाय," अप्पा म्हणाले. "तिसरा."

तेव्हापासून माझी छाती जी फुगली, ती कितीतरी वर्षं तशीच होती!

काय काय पाहिलं मी! लग्नं, डोहाळजेवणं, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. ओळखपत्राला "हसू नका" म्हटलं की पोरांना हसू येणारच, आणि जावळाच्या वेळी "हस रे बाळा" म्हटलं की बाळ भोकाड पसरणारच. अप्पांचा एक नियम होता. लहान मुलाचा फोटो काढायचा तर ते धोतर सावरून चक्क जमिनीवर बसायचे. आधी मला त्या मुलाच्या हातात द्यायचे, उलटंपालटं बघू द्यायचे, आणि मगच काढायचे. एखादं मूल नको म्हणालं तर नको. आई कितीही म्हणो, "काढा ओ अप्पा, नाटकं हायत तिची." अप्पा म्हणायचे, "तिचं तोंड हाय बाई. तिलाच ठरवू दे."

आता माझ्याविषयी एक खास गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. माझ्या उजव्या कुशीला एक छोटं झाकण आहे. आत एक नाही, दोन कप्पे आहेत. दोन्हींत एकेक कार्ड बसतं आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरतो. किल्लारीच्या एका लग्नात एकदा एकच कार्ड होतं आणि ते ऐनवेळी बिघडलं. नवरीच्या पाठवणीचा एकही फोटो मिळाला नाही. नवरीच्या आईपुढे अप्पा मान खाली घालून उभे राहिले होते. तेव्हापासून दोन कार्डं. आणि काम झालं की पहिलं कार्ड घरच्यांना द्यायचं, दुसरं घरच्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचं. "दुसऱ्याच्या घरचं आपल्या खिशात ठेवू नये," असं अप्पा म्हणायचे. औशातल्या लोकांना हा दुसरा कप्पा माहीतसुद्धा नव्हता. त्यांना अप्पा माहीत होते, तेवढं पुरे होतं.

मग अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि मी त्यांच्या मुलाच्या, रुद्रेशच्या गळ्यात आलो. रुद्रेशचा हात फार चांगला, हे मी आजही म्हणेन. उजेड कुठून येतो हे त्याला न बघता कळायचं. पण त्याच्या वाट्याला दिवस वाईट आले. सगळ्यांच्या खिशात मोबाईल! माझीच धाकटी भावंडं, पण काय तो आगाऊपणा! अक्षता पडायच्या वेळी पन्नास मोबाईल आमच्यापुढे उभे राहायचे आणि वर आम्हालाच म्हणायचे, "ओ फोटोग्राफर, सरका की जरा!" रुद्रेशला ते फार लागायचं. "नाव घेऊन तरी सरक म्हणा रे," तो पुटपुटायचा. "बारा वर्षं झाली, कुणाला माझं नाव ठाव न्हाई."

त्याला नाव हवं होतं, मित्रांनो. एवढंच हवं होतं. त्यात वाईट काय, असं मलाही तेव्हा वाटायचं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एक दिवस मल्लम्मा स्टुडिओत आल्या. मल्लम्मा म्हणजे अक्षराची आई. आणि अक्षरा म्हणजे औशाची नटी! आधी मालिकेत होती, आता सिनेमात मोठमोठ्या भूमिका करते. ती आणि रुद्रेश शाळेत एका वर्गात होते.

"रुद्रेशा," मल्लम्मा खुर्चीत टेकत म्हणाल्या, "नातीची, आपल्या गिरूची, दीक्षा हाय सोमवारी. महाराज येणारेत. घरचीच माणसं. भाईरचा फोटूवाला नको म्हणली अक्षरा. म्हणली, रुद्रेशलाच सांग. शाळंची काच मी फोडली तवा मास्तरानं हातावर छड्या मारल्या त्याला, पर माझं नाव सांगितलं न्हाई त्यानं."

रुद्रेश लाजला. "तिला आठवतंय व्हय ते?"

"न आठवायला काय झालं? माणूस ओळखायला असलंच उपयोगी पडतंय."

सोमवारी आम्ही गेलो. आमच्याकडे लिंगायत घरांत मुलाला किंवा मुलीला दीक्षा देतात. महाराज कपाळाला विभूती लावतात आणि इष्टलिंग देतात. मूल ते डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याकडे एकटक बघतं. घरातला फार आतला, शांत प्रसंग असतो तो.

दारातच अक्षरानं आम्हाला थांबवलं. सिनेमात दिसते तशी नव्हती, साधी सुती साडी आणि डोळ्यांखाली जागरण. "रुद्रेश, एकच अट आहे. गिरिजाचा चेहरा या घराबाहेर जायचा नाही. माझे फोटो काढा, छापा, काय वाटेल ते करा, ते माझं काम आहे. पण मुंबईत ही पोरगी फोटोवाल्यांमुळे शाळेच्या गेटातून माझ्या ओढणीखाली डोकं घालून बाहेर येते. सात वर्षांची आहे रे ती. काम झालं की कार्ड मला दे."

"तू निवांत राहा. घरचंच काम हाय हे," रुद्रेश म्हणाला.

तेवढ्यात गल्लीतून एक वारं आत शिरलं. हातात पिशवी, पुढचे दोन दात गायब! "आईऽऽ! मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले! एकटी! गूळ आणला! आणि कोणी बघितलंच नाही माझ्याकडे!"

"दुकानदारानं तरी बघितलं का न्हाई?" मल्लम्मांनी विचारलं.

"नाही! तो म्हणाला, ए पोरी, बाजूला हो, मागं गिऱ्हाईक हाय!"

आणि ती एवढी खूश झाली की जागच्या जागी उड्या मारायला लागली. मित्रांनो, कुणीतरी आपल्याला "बाजूला हो" म्हणालं म्हणून इतका आनंद झालेलं लेकरू मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. आजीकडे ती चार दिवस राहणार होती. रोज सकाळी दुकानाला मीच जाणार, असं तिनं आजीकडून वचन घेतलं होतं. दूध, काडेपेटी, कोथिंबीर, काहीही! मल्लम्मा हसून म्हणाल्या, "घरात काडेपेट्याच काडेपेट्या होतील माय."

रुद्रेश अगदी बापासारखा जमिनीवर बसला. मला गिरिजाच्या हातात दिलं. तिनं माझ्या काचेत स्वतःलाच वाकुल्या दाखवल्या. "रुद्रेशमामा, हा जड आहे!" ती म्हणाली. मग दीक्षा झाली. मग पंगत बसली, आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गरम, गोड खीर वाढली. गिरिजानं ताटात तोंडच घातलं. नाकाच्या शेंड्याला हुग्गी, कपाळाला विभूती, ती मान वर करून खदखदून हसली, आणि क्लिक!

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो होता. खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटला. दोन्ही कार्डांवर तो तसाच लख्ख उतरला.

निघताना रुद्रेशनं माझ्या कुशीचं झाकण उघडलं. पहिलं कार्ड काढून अक्षराच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते मुठीत धरलं आणि म्हणाली, "किती उपकार झाले." मी वाट बघत होतो. आता हा दुसरं काढेल. आता म्हणेल, हे बघ, पुसतोय. त्याचं बोट दुसऱ्या कार्डापाशी गेलंसुद्धा. क्षणभर थांबलं.

मग त्यानं झाकण लावलं. टक्.

मी हजारो वेळा तो आवाज ऐकलाय. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा टोचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत त्याला फोन आला. मोबाईलवर एक मोठं पेज चालवणारा कुणीतरी होता. रुद्रेशनं फोन स्पीकरवर लावला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, नटीच्या पोरीची दीक्षा तुम्हीच शूट केली म्हणे. तिचा चेहरा आजवर कुणाला मिळाला नाही. एकच द्या. खाली तुमचं नाव टाकतो. फोटो, रुद्रेश, औसा. अख्खा महाराष्ट्र बघेल."

"घरचं काम हाय ओ ते," रुद्रेश म्हणाला.

"वाईट थोडंच दाखवतोय आपण? चांगलंच आहे की. लेकरू हसतंय, धार्मिक कार्यक्रम आहे. लोक कौतुकच करतील."

रुद्रेशनं फोन खाली ठेवला. त्यानं मला उघडलं, दुसरं कार्ड काढलं, आणि नेमका तोच फोटो निवडला. हुग्गीवाला. सगळ्यात सुंदर होता म्हणून! आत खाटेवर पडलेल्या अप्पांनी विचारलं, "काय करायलास रे?"

"काय न्हाई अप्पा. जुनं कामच बघायलोय."

मी ओरडलो असतो. पण मला आवाज एकच, आणि तोही दुसऱ्याच्या बोटानं निघतो.

संध्याकाळपर्यंत तो फोटो हजारो मोबाईलांत पोचला. रुद्रेशचं नावही खाली होतं, बारीक अक्षरात. तो ते पुन्हा पुन्हा मोठं करून बघत होता. आधी हसत होता. मग लोकांनी खाली लिहिलेलं वाचायला लागला, आणि त्याचं हसू हळूहळू विरत गेलं. आईवर गेली नाही. रंग बघा. दात बघा. एवढा पैसा आहे तर दात बसवा म्हणावं. सात वर्षांच्या मुलीबद्दल मोठी माणसं हे लिहीत होती! दुधाचे दात पडतात हेसुद्धा विसरली होती बिचारी.

बुधवारी सकाळी गिरिजा पिशवी घेऊन दुकानाला निघाली. घरात अजून कुणाला काही कळलं नव्हतं. कोपऱ्यावर पाच-सहा माणसं उभी होती. दोघं लातूरहून आलेली, गळ्यात लांब लेन्सवाले कॅमेरे. बाकी गावातलीच, हातात मोबाईल.

"गिरिजा! ए गिरिजा! इकडं बघ!"

आपलं नाव ऐकून तिला वाटलं, ओळखीचेच असतील. ती हसली. तेवढं पुरलं. सगळे धावत पुढे आले. "दात दाखव की! त्या फोटोत हसलीस तशी हस!" वाट बंद झाली. पिशवी पडली. ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. मित्रांनो, त्यांनी तेही काढलं. रडतानाचंही काढलं.

तो कोपरा आमच्या स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर. गलका ऐकून रुद्रेश धावत सुटला. मी त्याच्या गळ्यातच होतो. गर्दीत घुसत तो ओरडला, "सरका! सरका रे!" त्याचा आवाज गिरिजानं ओळखला. तिनं तोंडावरचे हात काढले. "रुद्रेशमामा!" म्हणत ती उठली आणि आमच्याकडे दोन पावलं पळालीसुद्धा. मग तिची नजर खाली आली. माझ्यावर. ती तिथेच थबकली. तिनं तळवा पुढे केला, माझ्या काचेसमोर, अगदी जवळ. तिच्या बोटांना दुकानातला गूळ नाही, नुसती धूळ लागली होती, कारण ती दुकानापर्यंत पोचलीच नव्हती.

"नको मामा," ती म्हणाली.

रुद्रेश फोटो काढणार नव्हता. हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे. पण तिला कसं माहीत असणार?

मागून धोतर सावरत अप्पा आले. नीट दिसत नसूनही त्यांना तिचं रडणं बरोबर सापडलं. खांद्यावरचा रुमाल त्यांनी तिच्या डोक्यावरून टाकला आणि तिला उचललं. मग त्या गर्दीकडे तोंड करून म्हणाले, "तुमच्या घरी लेकरं न्हाईत का रे? तिच्या आईनं नटी व्हायचं ठरवलं. ह्या लेकरानं काय ठरवलं होतं? बोला की!"

"अप्पा, आम्ही फक्त फोटो..." एक जण चाचरला.

"मीबी फोटूच काढले आयुष्यभर. मला शिकवू नको."

त्याच दुपारी रुद्रेश मला पिशवीत घालून मल्लम्मांच्या घरी गेला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. मल्लम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पाणी दिलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं?" मल्लम्मा म्हणाल्या. "मीठ जास्त पडलं तर चुकलं म्हणावं बाबा."

अक्षरा दारात आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "दुसरं कार्ड होतं ना?" तिनं विचारलं. रुद्रेशनं मान हलवली. "मी शूटिंगमध्ये राहते रुद्रेश. दोन कार्डं असतात हे मला माहीत आहे. पण मी विचारलं नाही. तू होतास म्हणून विचारलं नाही."

"त्या पेजवाल्याला मी फोटो पुसायला लावला. पेजवरून गेला आता."

"तिथून गेला. बाकी ज्यांनी घेऊन ठेवलाय त्यांचं काय करशील? ती वीस वर्षांची होईल, तरी तो कुणाच्या तरी खिशात असेल."

आतून गिरिजा आली. रुद्रेशनं घाईघाईनं माझी पिशवी पाठीमागे लपवली. ती लांबूनच बोलली, ओठ फारसे न उघडता. "मामा, हुग्गी खाताना तर फक्त आपणच होतो. मग त्यांना माझे दात कसे कळले?"

 उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारणार!

गुरुवारी जाण्याऐवजी अक्षरा आणि गिरिजा बुधवारीच निघाल्या. भर उन्हात. गाडीच्या काचांना मल्लम्मांनी आतून चादर लावली होती. जाताना गिरिजाला आपलं आजोळ दिसलंच नाही, कारण आजोळानं तिला बघू नये म्हणून तिला चादरीआड बसावं लागलं. त्या घरात तिला चार दिवसांच्या काडेपेट्या आणायच्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात ती आली नाही. दिवाळीतही आली नाही. मल्लम्माच मुंबईला जातात, आणि स्टुडिओवरून जाताना मान दुसरीकडे फिरवतात.

रुद्रेशनं दुसरं कार्ड अप्पांसमोर पुसलं. अप्पा एवढंच म्हणाले, "आता पुसून कुणाला दाखवायलास?" त्यानंतर रुद्रेशनं मला हातात घेतलं नाही. या फळीवर ठेवलं. तो अजून काम करतो, भाड्याचा कॅमेरा आणतो. पण जावळाला, बारशाला त्याला कुणी बोलावत नाही. आणि त्याचं नाव? आता सगळ्यांना ठाऊक आहे!

मी त्याला माफ केलं का? नाही, मित्रांनो. पुस्तकातल्या वस्तू शेवटी माफ करतात, मला माहीत आहे. मला अजून जमलेलं नाही. ज्यानं मला लेकरासमोर जमिनीवर बसून धरलं, त्यानंच मला चोरासारखं वापरलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो हाच माझा सगळ्यात मोठा गुन्हा झाला. यापेक्षा मोठा दगा कुठला असतो, मला सांगा!

पण तुमच्याशी माझं भांडण नाही. तुम्हाला फक्त एक विनवणी आहे. तुमच्या खिशात माझी धाकटी भावंडं आहेत. उद्या रस्त्यात, लग्नात, हॉटेलात एखाद्या प्रसिद्ध माणसाचं मूल दिसेल. तुमचं बोट आपोआप उचललं जाईल. शाळेतलं मूल असेल, शेजारचं असेल, तुमचा चिडलेला धाकटा भाऊ असेल, तरी उचललं जाईल. तेव्हा आधी त्याला विचारा. ते नको म्हणालं तर ते नकोच. ते विचारायच्या वयाचंच नसेल, तर तेही नकोच समजा. मी तेव्हा काहीच करू शकलो नाही, मित्रांनो. एक तळवा माझ्यासमोर आला होता आणि मी डोळा उघडा ठेवून नुसता लटकत राहिलो. मला हात नाहीत. मोबाईल खाली घ्यायला हात तुम्हालाच आहेत.